पहिल्या पानाची विडी

स्पासेचा हात पुन्हा छातीवरच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. दोन महिने होत आले, तो रिकामाच होता. तरी हात आपला घटकेघटकेला जाऊन चाचपून येत होता.

"गेला बघ पुन्हा!" नेश्का सरीतूनच ओरडली. "अरे, काही ठेवलंयस का तिथं?"

"सवय आहे गं. जाईल हळूहळू."

"मग तसं हाताला सांग की."

अजून नीट उजाडलं नव्हतं. तंबाखू खुडायची ती याच वेळी. ऊन चढलं की पानाला चीक सुटतो, पान लोळतं आणि मोडायच्या ऐवजी फाटतं. नेश्का आणि तिची सून रुमेना कंबरेत वाकून सरीसरीनं पुढं सरकत होत्या. खालची पिवळट पडू लागलेली पानं अंगठ्यानं खटखट मोडायची, काखेत धरायची, काख भरली की पेटीत ठेवायची. मुलगा मिले पेट्या उचलून ट्रॉलीत रचत होता. नेश्काचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. त्याच हातानं तिनं चुकून ओठ पुसले आणि कडू थुंकली.

स्पासे बांधावर उपड्या पेटीवर डावा पाय लांब करून बसला होता. जन्मभर याच रानात वाकलेला माणूस, आणि आता त्याला एका पानाला शिवायची बंदी. डाव्या पायाची रक्ताची नळी तुंबत आली होती. घरापासून विहिरीपर्यंत जाताना त्याला दोनदा थांबून पोटरी चोळावी लागे. करंगळीच्या कडेला एक जखम झाली होती, ती उन्हाळाभर काही केल्या भरत नव्हती. राजधानीतल्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, नळी बदलते, पण अंगात तंबाखूचा अंश नको. ओढायची नाही, चघळायची नाही, पानंही खुडायची नाहीत, चीक कातड्यातून आत जातो. त्या दिवशी सकाळी लघवीची पट्टी बघणार. पट्टीनं दाखवलं की टेबलावर घेणार नाही.

शस्त्रक्रिया सोमवारी होती. आणि रविवारी घरात नातीचा बाप्तिस्मा होता.

तो रविवारच नेश्काच्या डोक्यात भुंग्यासारखा घुमत होता.

"आई, तुम्ही वेगळ्या सरीत चाललात," रुमेना म्हणाली.

"चालले तर चालले. तू तुझी सर बघ."

---

ऊन चढल्यावर सगळी मांडवाखाली आली. आता ओवणी. लांब चपट्या सुईत एकेक पान देठातून ओवायचं, सुई भरली की दोऱ्यावर ओढायचं आणि माळ चौकटीला बांधून प्लास्टिकच्या बोगद्यात वाळत टाकायची. स्पासेला मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवला होता. त्याच्या मांडीवर घेवड्याच्या शेंगांचं टोपलं होतं.

शेजारचा त्रायको म्हातारा फाटकातूनच बघून हसला. स्पासेचा तो लांबचा चुलता. तोंड फार.

"काय रे स्पासे, शेंगा सोलायला बसवलं? उद्या स्वेटर विणशील!"

"विणीन. तुला पहिला देईन," स्पासे म्हणाला, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

त्रायको येऊन बाकावर बसला. खिशातून डबी काढली, नेश्काकडं बघितलं आणि तिच्या नजरेनं ती परत ठेवली. "बरं, कूम येणार ना रविवारी?"

"येणार म्हणजे? त्याच्याशिवाय पोरीला पाण्यातून काढणार कोण?" नेश्का म्हणाली.

कूम म्हणजे धर्मबाप; तो आणि घरची माणसं एकमेकांना कूम म्हणूनच हाक मारतात, बाईला कूमा. तो पिढीजात असतो. स्पासेला ज्यानं पाण्यातून काढलं त्याच्या मुलानं मिलेला काढलं, आणि आता त्याचा नातू ग्लिगोर छोटीला काढणार. घर बदलता येतं, पुढारी बदलता येतो, कूम बदलता येत नाही. आणि त्याला कशालाही नाही म्हणता येत नाही. कूमाला नाही म्हटलेल्या घराचं काय होतं याच्या गोष्टी नेश्कानं लहानपणापासून ऐकल्या होत्या.

तर हा ग्लिगोर आता देशाचा आरोग्यमंत्री झाला होता. माणूस हुशार, कष्टाळू. पण दिवसाला दोन पाकिटं ओढायचा, आणि पोट असं की गाडीतून उतरताना आधी पोट दिसायचं. टीव्हीवर तो धूम्रपानबंदीचा कायदा समजावून सांगायचा आणि सांगता सांगता खोकायचा.

"स्वतः चिमणीसारखा धूर सोडतो आणि आम्हाला सांगतो सोडा," त्रायको म्हणाला. "हा कसला आरोग्यमंत्री?"

"त्याला काय झालं?" स्पासे एकदम उसळला. "दोन पाकिटं ओढतो, तरी घोड्यासारखा पळतोय. इतका शिकलेला माणूस, त्याला कळत नसेल? म्हणजे डॉक्टर वाढवून सांगतात, एवढाच त्याचा अर्थ."

हेच. नेमकं हेच नेश्काला नको होतं. तिच्या सुईनं बोट टोचलं. दोन महिने स्पासे रात्र रात्र तळमळत होता, सूर्यफुलाच्या बिया फोडून फोडून ओठ सोलून निघाले होते, आणि प्रत्येक भांडणाच्या शेवटी त्याचं हेच पालुपद असायचं. मंत्री ओढतो की!

इतक्यात दवाखान्यातली नर्स मागदा सायकल लावून आत आली. दर शुक्रवारी ती स्पासेची पट्टी बघायची. तिनं बोलणं ऐकलं होतं.

"ओढेना का तो! माझ्या दवाखान्यात पाच वर्षं डॉक्टर नव्हता, आता मंगळवारी येतो. कुणी पाठवला? या पट्ट्या कुणी पाठवल्या? आधीचा मंत्री रोज सकाळी पळायला जायचा, लिंबूपाणी प्यायचा. त्यानं आपल्याला काय दिलं, सांगा? मला काम करणारा पाहिजे. त्याची फुप्फुसं त्याच्यापाशी."

"फुप्फुसं त्याची, पण बघतो माझा नवरा," नेश्का म्हणाली.

 मागदा लघवीची बाटली घेऊन आत गेली आणि पट्टी बुडवून बाहेर आली. "स्वच्छ आहे. स्पासेकाका, शाबास! दोनच दिवस काढा आता."

स्पासे लहान मुलासारखा हसला. नेश्कानं चिकानं काळे झालेले हात हिरव्या टोमॅटोनं खसखसा घासले. तंबाखूचा चीक दुसऱ्या कशानं जात नाही. मग ती घरामागे गेली आणि तिनं कूमाला फोन लावला.

"कूम, एक मागणं आहे."

"मागा की, कूमा!"

"रविवारी ती पहिल्या पानाची विडी... ती नको."

 गावची रीत अशी, की बाप्तिस्म्याच्या जेवणात हंगामाच्या पहिल्या वाळलेल्या पानाची विडी वळून कूमापुढं ठेवायची. त्यानं ती पेटवायची, एक झुरका घ्यायचा आणि घरधन्याच्या हातात द्यायची. घरधन्यानं ती ओढून संपवायची. घराचं धुराडं पेटतं राहो म्हणून.

"सोमवारी त्याचा पाय उघडणारेत," नेश्का म्हणाली. "तुमच्या हातून आली तर तो नाही म्हणणार नाही. त्याला म्हणताच येणार नाही."

"कूमा, मी त्या दिवशी गावात एकही ओढणार नाही. झालं समाधान? शब्द दिला."

"देव तुमचं भलं करो." तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

---

रविवारी काळी गाडी देवळापाशी आली. आधी पोट उतरलं, मग ग्लिगोर. पाद्र्यानं पोरीला पाण्यात बुडवलं, ती किंचाळली, ग्लिगोरनं तिला पांढऱ्या टॉवेलात घेतलं आणि यागोदा हे नाव ठेवलं. पोरीला धरताना त्याचे हात थरथरत होते. रुमेनाला वाटलं, मायेनं. नेश्काला बरोबर कळलं. असले हात ती दोन महिने घरात बघत होती.

आक्रोडाच्या झाडाखाली टेबलं लावली होती. भाजलेलं कोकरू, मडक्यातला घेवडा, मिरच्या, पांढरं चीज, रकिया या फळांच्या दारूच्या बाटल्या. ग्लिगोर सगळ्यांशी हसून बोलत होता, पण एका जागी बसवत नव्हतं त्याला. पाव कुस्करत होता, टेबलावर बोटं वाजवत होता. त्याच्या समोर स्पासे. तोही पाव कुस्करत होता. दोघांच्या मधोमध चुऱ्याचा ढीग पडला.

मग त्रायको उठला. त्यानं सकाळीच पान कुटून ठेवलं होतं. विडी वळली, बशीत घातली आणि बशी ग्लिगोरपुढं सरकवली.  नेश्का हातात कोशिंबिरीचं भांडं घेऊन तशीच उभी राहिली.

ग्लिगोरनं विडी उचलली. नाकाशी नेली. डोळे मिटून हुंगली.

"मंडळी," तो म्हणाला, "वास घेतला, मान दिला. पण आज मी पेटवणार नाही. माझ्या कूमाचा उद्या पाय आहे. यागोदाला चालायला शिकवायचं त्याला."

त्यानं विडी वरच्या खिशात ठेवली. कुणी टाळ्या वाजवल्या. त्रायको मात्र पुटपुटला, "आमचंच पीक आमच्या ताटातून उचललं," आणि दोघातिघांनी माना हलवल्या. नेश्काला ते ऐकूच आलं नाही. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. ती भराभर वाढत सुटली, पाहुण्यांना आग्रह करकरून खायला घालू लागली. तिनं स्वतःही रकियाचा एक घोट घेतला, तोही उभ्याउभ्याच.

कलिंगडं विहिरीत गार करायला सोडली होती. ती काढायला म्हणून ती घरामागे गेली. विहिरीच्या पलीकडेच वाळवणीचा बोगदा. आणि तिथं बोगद्याच्या कडेनं धूर येत होता.

तिला आधी वाटलं, माळांना आग लागली. धावत गेली.

दोघं प्लास्टिकच्या आडोशाला पेट्यांवर बसले होते, शाळेतनं पळून आलेल्या पोरांसारखे. विडी स्पासेच्या बोटात होती. अर्धी झाली होती. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तोंडावर असं सुख होतं, की नेश्काला तो क्षणभर ओळखूच आला नाही.

तिनं विडी हिसकावून चिखलात टाकली, वर पाय दिला.

"कूमा, ऐका," ग्लिगोर धडपडत उठला. "सकाळपासून एक नाही ओढली मी. डोकं फुटायला आलं होतं. म्हटलं, इथं कोण येतंय. एकच झुरका घेतला, आणि हा समोर येऊन उभा! हात आपोआप पुढं गेला हो माझा. लहानपणापासून बघितलेलं, झुरका घ्यायचा आणि द्यायचं..."

"मी काय नाही म्हणणार होतो?" स्पासे जमिनीकडं बघत म्हणाला. "कूमानं दिली."

"तू त्याच्या मागं का आलास?"

स्पासे पोटरी चोळू लागला.

नेश्का ग्लिगोरकडं वळली. आजवर तिनं त्याला कधी अहोजाहो सोडलं नव्हतं. "चारचौघांत तू त्याचा पाय वाचवलास, आणि बोगद्यामागं येऊन कापलास. अरे, तू मंत्री नसतास ना, तर तुझ्या ओढण्याचं मला काही नव्हतं. ओढ नाहीतर मर. पण हा माणूस रोज उठून तुझं तोंड बघतो. टीव्हीत तू खोकलास की याला वाटतं, चला, आपल्यालाही चालतंय."

"मी फोन करतो इस्पितळात. उद्या होईल त्याचं. माझा शब्द."

"तुझा शब्द बघितला आत्ताच."

पण ती पुढं काही बोलली नाही. फोन करतो म्हणाला होता. पाय वाचत असेल तर त्याच्या फोनवरही थुंकायची तिची ताकद नव्हती, आणि याचीच तिला जास्त लाज वाटली. तिनं कलिंगडं काढली. पाहुणे वाट बघत होते.

---

सोमवारी इस्पितळात पट्टीवर रेघ उमटली. डॉक्टरीणबाई ठेंगण्या, गळ्यात चष्मा. त्यांनी पट्टी उजेडात धरली, मग स्पासेकडं बघितलं.

"कधी?"

"काल," नेश्काच म्हणाली. "अर्धीच. बाई, अर्धीच हो."

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. कुणाचा ते नेश्काला लगेच कळलं, कारण बाई उभ्या राहिल्या.

"होय साहेब. इथंच आहेत... नाही साहेब. नाही, नियमाचा प्रश्न नाही. मी नळी जोडीन, हा घरी जाऊन पुन्हा ओढील, नळी तुंबेल, आणि मग गुडघ्याच्या वरून कापावं लागेल. दोन महिन्यांनी जो एका जेवणात घसरतो तो पुन्हा घसरतो. तुमच्या सांगण्यानं नळी उघडी राहात असेल तर सांगा, आत्ता घेते." त्या थोडं थांबल्या. "बरं. ठेवते."

त्यांनी पुढची तारीख दिली. महिनाभरानंतरची. "जखमेवर लक्ष ठेवा. काळं पडलं तर लगेच या."

 परतीच्या वाटेवर गाडीत मिलेनं रेडिओ लावला आणि बंद केला. स्पासेचा हात खिशाकडं गेला, आणि या वेळी नेश्का ओरडली नाही. ती खिडकीकडं तोंड करून रडत होती.

---

पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं ते तारखेच्या आधीच. दोन्ही कापली. तालुक्याच्या दवाखान्यातच कापली, आणि स्पासे पट्टी बांधलेला पाय घेऊन मांडवाखाली परत आला. रान आता शेंड्याकडच्या पानांपर्यंत आलं होतं. तीच तर चांगल्या भावाची पानं, आणि खुडायला माणसं तीनच. नेश्का पहाटे वाकायची ती उन्हात सरळ व्हायची. पाठ दुखत होती, पण वाकलेलं असताना पाय दिसायचा नाही, तेवढंच बरं वाटायचं.

बाप्तिस्म्यानंतर स्पासेनं ओढली नव्हती. निदान नेश्काला वास आला नव्हता. ती दिवसातून दहादा त्याच्याजवळून जायची आणि श्वास ओढून घ्यायची. तिचं तिलाच वाईट वाटायचं, स्वतःच्या नवऱ्याला कुत्रीसारखी हुंगते म्हणून.

त्या दिवशी टीव्हीवर बातमी आली, कायदा पास झाला. ग्लिगोरचं तोंड दिसलं, लोक त्याला हार घालत होते. मागदा सायकल न लावताच आत धावली.

"बघितलंत? केलं त्यानं! आता चहाच्या टपरीतसुद्धा ओढता येणार नाही. किती पोरं वाचतील, नेश्काकाकू!"

"वाचोत," नेश्का म्हणाली. मनापासून म्हणाली. मग सुईत पान ओवलं.

"चिडलायत अजून त्याच्यावर?"

"चिडू कशी? तुझा डॉक्टर त्यानंच आणला, बोटं त्याच डॉक्टरानं वेळेत बघितली. नाहीतर सबंध पाय गेला असता. आणि बोटं गेली तीही त्याच्याचमुळं. आता सांग, मी कुठल्या हातानं त्याला शिवी देऊ आणि कुठल्या हातानं नमस्कार करू?"

 मागदा एक पान उचलून उगाच नीट करत बसली.

संध्याकाळी ग्लिगोरचा फोन आला. नेश्कानं उचलला. हात चिकट होते म्हणून तिनं आवाज मोठा करून फोन स्पासेपुढं शेंगांच्या टोपल्यावर ठेवला.

"कूमा, कायदा झाला! पहिला फोन तुम्हालाच. कसा आहे तो?"

"समोरच आहे. बोला."

"स्पासे! अरे, पुढच्या आठवड्यात तारीख ना? मी स्वतः येणार. बाहेर बाकावर बसून राहीन. तुझ्या पायाची गोष्ट मी सभागृहात सांगितली, माहिताय? नाव न घेता. लोक रडले."

"असं?" स्पासे म्हणाला.

"मग! म्हटलं, माझ्याच घरचा माणूस..."

आणि तिथं, त्याच्या बोलण्याच्या मधेच, फोनमधून खट् असा आवाज आला. बारीकसाच. मग एक लांब श्वास.

मांडवाखाली तिघांनीही तो ऐकला. रुमेनानं सासूकडं बघितलं. नेश्काची सुई अर्ध्या पानात थांबली. स्पासेचा हात उठला आणि छातीवरच्या रिकाम्या खिशाशी जाऊन पोचला. तिथं बोटं फिरली.  पुढच्या आठवड्यातली पट्टी नेश्काला डोळ्यापुढं दिसत होती.

"तर काय सांगत होतो..." ग्लिगोर म्हणाला.

"कूम," स्पासे मधेच म्हणाला. "विझव ती."

"काय?"

"पेटवलीस ती. विझव. मला ऐकू येतंय."

त्या घरात आजवर कुणी कूमाला असं बोललं नव्हतं. स्पासेच्या बापाच्या तोंडून नाही, आज्याच्या तोंडून नाही. स्पासेचं तोंड पांढरं पडलं होतं, पण फोनवरून त्यानं नजर काढली नाही.

"अरे, दिवसभराची ही पहिलीच..."

"मीही ओढत नाहीय. मला दोन बोटं कमी आहेत, तरी ओढत नाहीय. तू विझव, मग बोलू."

पलीकडून ग्लिगोरचा आवाज येईना. फोन कापला गेला असंही वाटेना, कारण मधूनच गाडीचा भोंगा ऐकू येत होता. स्पासेनं खिशावरचा हात काढला, टोपल्यातून एक शेंग घेतली आणि सोलली. दुसरी घेतली.

"विझवली असेल का?" रुमेना कुजबुजली.

"बघू," स्पासे म्हणाला. "ठेवू नकोस फोन. असू दे चालू."

नेश्कानं सुईतलं पान पुढं सरकवलं. टोपल्यावरचा फोन तसाच चालू होता, आणि त्यातून आता फक्त खोकल्याचा आवाज येत होता.